लॅटिनमध्ये अहो-जाहो नाही

डेपोत तिला सगळे कॅप्टन म्हणायचे आणि ते तिला शोभायचंही. मधोमध भाता असलेली लांबलचक जोडबस ती बाजारामागच्या अरुंद वळणावरून अशी काढायची, जणू सुईत दोरा ओवावा. ट्रकवाल्यांनी तिच्याशी हुज्जत घालणं कधीच सोडून दिलं होतं. आवाज खणखणीत, मान ताठ, आणि चूक दुसऱ्याची असेल तर काच खाली करून ती त्याच्या पदरात घालायची, हा शिरस्ता. एकच गोष्ट तिला पचत नसे, ती म्हणजे ‘माहीत नाही’ असं म्हणणं.

तिच्या मार्गावर एका जुन्या कचेरीसमोर सिग्नल होता. मोठा चिवट सिग्नल. लाल झाला की बराच वेळ लालच. कचेरीला दगडी कमान होती आणि कमानीवर तीन शब्द कोरलेले. अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. लॅटिन आहे एवढं सगळे सांगायचे. पुढचं मात्र ज्याची त्याची मर्जी. कोणी म्हणे, ‘न्याय सर्वांसाठी.’ कोणी म्हणे, ‘कष्टाला फळ.’ रोज पुढच्या सीटवर बसणाऱ्या एका आजोबांनी तर डोळे मिटून सांगितलं होतं, की ‘मागे वळून पाहू नका’ असा त्याचा अर्थ आहे. बस चालवणाऱ्या बाईला हा सल्ला काय कामाचा?

डेपोतला मेकॅनिक म्हणाला, “एवढा कसला विचार करता, कॅप्टन? फोन समोर धरा, फोनच अर्थ सांगतो.”

“म्हणजे फोनला कळलं,” ती म्हणाली. “मला कुठे कळलं?”

आणि तिने सरळ लॅटिनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

नाव नोंदवल्यावर उत्तरादाखल एक पान आलं. वर लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षा.’ तिने ते डेपोतल्या प्रिंटरवर छापून घेतलं आणि घरी फ्रिजला चिकटवलं. वर्गाला टेबलाशी बसावं, पलंगावर लोळत बसू नये. कॅमेरा सुरू हवा आणि चेहरा उजेडात हवा. घरचा अभ्यास हाताने लिहावा, यंत्राकडून भाषांतर करून आणल्यास ते ओळखू येतं. रोज मोठ्याने वाचावं. मनातल्या मनात वाचणं म्हणजे मनातल्या मनात पोहणं. सरावासाठी प्रत्येकाने एक जिवंत जोडीदार शोधावा, आरसा चालणार नाही. आणि सगळ्यात खाली: ‘चुकणं अपेक्षित आहे. चुकलं की “एर्रावी”, म्हणजे “मी चुकले” किंवा “मी चुकलो”, असं म्हणून पुन्हा सुरुवात करावी. ज्यांना चुकायचं नसेल त्यांनी तसं आधी कळवावं.’

हे शेवटचं वाचून ती नाक उडवून हसली. म्हणाली, “मास्तरीण तिखट दिसतेय.”

हे ती कोणाला म्हणाली? तसं पाहिलं तर कोणालाच नाही. स्वयंपाकघरात तिचे सासरे दुधाचा पेला घेऊन बसले होते, पण त्यांच्याशी गप्पा मारायची पद्धत घरात नव्हती. नवरा जहाजावर इंजिन सांभाळायचा, वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत ही दोघंच. ती त्यांना बाबा म्हणायची. “बाबा, जेवण झाकून ठेवलंय.” “बरं.” “गोळी घेतलीत?” “घेतली.” भांडण म्हणाल तर कधी नाही, आणि बोलणं म्हणाल तर तेही नाही. दोघंही एकमेकांचा मान राखून होती, आणि तो राखता राखता मधे चांगलीच मोकळी जागा पडली होती.

बाबांचा आवाज मुळात कोणी फारसा ऐकलेलाच नव्हता. आयुष्यभर ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडकला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. बोलायचं ते कुजबुजून. तीच सवय पुढे घरीही राहिली. भाजीवाला “काय म्हणालात?” असं तीनदा विचारायचा.

दुधाचा पेला खाली ठेवून बाबांनी ते पान लांबून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“जोडीदार कोण?” त्यांनी विचारलं.

“बघू. डेपोत विचारते कोणाला तरी.”

“संहिता धरायला मी आहे,” बाबा म्हणाले. “बोलणार नाही. नुसतं धरेन.”

रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाई दूर कुठल्या तरी शहरातून शिकवायच्या. किडकिडीत, चष्मा कपाळावर, मागे पुस्तकांनी वाकलेली फळी. लॅटिनमध्ये शिक्षिकेला मागिस्त्रा म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मागिस्त्राच म्हणू लागले. वर्गात एक बेकरीवाला होता, एक नर्स होती, दोघं-तिघं कॉलेजातली मुलं होती. पहिल्याच दिवशी मागिस्त्रांनी सांगितलं, की लॅटिनमध्ये शब्दाच्या शेपटावर सगळा खेळ असतो. आपल्या विभक्त्या आठवा, म्हणजे घाबरायला होणार नाही. कॅप्टन घाबरलेली नव्हतीच. शाळेत ‘प्रथमा, द्वितीया’ घोकताना ती रडली होती, पण तेव्हा तिच्या हातात बस नव्हती. आता ती बस चालवता चालवता विभक्त्या म्हणायची आणि पुढच्या सीटवरचे आजोबा मान डोलवायचे. त्यांना ते स्तोत्र वाटायचं.

घरी बाबा खरंच पुस्तक धरून बसू लागले. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, बाबा बोट ठेवून पाहायचे. चुकली की बोट थांबायचं. बस्स, तेवढंच. पण त्या थांबलेल्या बोटाकडे बघायची तिला हळूहळू सवय लागली.

कमानीचा उलगडा फारच लवकर झाला. एका सकाळी सिग्नल लाल होता, तिने वर पाहिलं, आणि त्या तीन शब्दांचा अर्थ आपोआप डोक्यात उतरला. ‘हिक एक्वी बिबुंत.’ घोडे इथे पाणी पितात. ती इतकी मोठ्याने हसली, की सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. कचेरी होण्याआधी तो तबेला होता, बाकी काही नाही. आजोबांनी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, आजोबा. मागे वळून पाहत नव्हते इतकंच.”

डेपोत मेकॅनिक म्हणाला, “झालं तर मग. कळला अर्थ. सोडा आता ते लॅटिन.”

“घोडे पाणी पिऊन गेले,” ती म्हणाली. “मी अजून तहानलेलीच आहे.”

खरी पंचाईत पुढे आली. महिनाभराने मागिस्त्रा म्हणाल्या, की पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला जोडीदार कॅमेऱ्यासमोर आणायचा. आपण विचारपूस करायची, साध्या साध्या आज्ञा द्यायच्या. जोडीदाराला व्याकरण यायची गरज नाही, त्याने कळेल तेवढं करायचं. बेकरीवाल्याची तर चंगळ झाली. बायकोला हुकूम सोडायची अशी सरकारमान्य संधी त्याला कधी मिळाली नव्हती. त्याने “पाणी दे” म्हटलं, तिने ग्लास दिला, आणि वर आपल्या भाषेत दोन कामं सांगितली.

मग कॅप्टनची पाळी आली. शेजारी बाबा, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हात गुडघ्यांवर. तिने घसा साफ केला आणि म्हणाली, “क्विद आगितिस?” म्हणजे, कसे आहात?

मागिस्त्रांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “तुमच्या शेजारी किती माणसं बसलीत?”

“एक.”

“मलाही एकच दिसतंय. पण तुम्ही तर अख्ख्या वऱ्हाडाची विचारपूस केलीत. आगितिस हे अनेकवचन. एका माणसाला आगिस. तू कसा आहेस.”

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. “अहो मागिस्त्रा, ते माझे सासरे आहेत.”

“असू देत की. आपण ज्या काळाची लॅटिन शिकतो आहोत, त्यात अहो-जाहो नाही. आईला तू, मालकाला तू, सेनापतीलाही तूच. एका माणसाला वोस, म्हणजे तुम्ही, म्हटलं तर तो मान होत नाही, मोजण्यातली चूक होते. म्हणा, तू क्विद आगिस.”

सगळा वर्ग वाट पाहत होता. ट्रकवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरणारी ती बाई तोंड उघडून बसली होती आणि आत शब्द अडकला होता. दुसरा एखादा परका शब्द असता तर तिने डोळे मिटून गिळला असता. पण हा तर घरचाच निघाला. लॅटिनचा तू आणि आपला तू, कानाला रतीभर फरक नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ज्यांच्यासमोर ती खुर्ची ओढतानाही आवाज करत नव्हती, त्यांना तू?

“पुढच्या वेळी म्हणते,” ती कशीबशी म्हणाली.

“अपेक्षा आहे,” मागिस्त्रा म्हणाल्या. “पुढच्या वेळी परीक्षाच आहे.”

लॅपटॉप बंद झाला. ती उठून नळाशी गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली. मागून कुजबूज आली.

“म्हण ना.”

“काय, बाबा?”

“तो शब्द. म्हणून टाक.”

“भलतंच काय. मी कोण तुम्हाला अरे-तुरे करणारी? मी दुसरा जोडीदार बघते. डेपोतला मेकॅनिक येईल.”

 बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि त्या घरात त्यांनी आजवर केलं नव्हतं एवढं लांब भाषण केलं. कुजबुजतच, पण केलं.

“माझा मोठा भाऊ होता. तो मला अरे म्हणायचा. थिएटरात माझ्या बरोबरीचे चार-पाच जण होते. ए, इकडे ये, मूर्खा, असं चालायचं. भाऊ गेला. ते एकेक करून गेले. आता डॉक्टर मला तुम्ही म्हणतो, भाजीवाला तुम्ही म्हणतो, माझा मुलगा तुम्ही म्हणतो, तूही म्हणतेस. मान आहे, नाही म्हणत नाही मी. पण कधी कधी वाटतं, आपण माणूस राहिलो नाही, नोटीस बोर्ड झालो. सगळे लांबून वाचतात आणि पुढे जातात.” ते थांबले. “मला तू म्हणणारं या जगात कोणी उरलेलं नाही. तू परक्या भाषेत का होईना, म्हणणार असशील तर माझी हरकत नाही. उलट बरं वाटेल.”

हातातलं भांडं तसंच राहिलं.  नळाकडे बघत, मागे न वळता, ती म्हणाली, “तू क्विद आगिस?”

“मोठ्याने,” बाबा म्हणाले. “पान वाचलं नाहीस वाटतं?”

ती वळली. त्यांच्याकडे बघून, स्टॉपवर उभ्या माणसाला सांगावं अशा स्पष्ट आवाजात तिने पुन्हा विचारलं. बाबांनी मान डोलावली. “बेने,” ते म्हणाले. बरं आहे. ते त्यांचं पहिलं लॅटिन उत्तर.

तो आठवडाभर घरात धमाल उडाली. दा मिही पानेम, मला पाव दे. बाबा पाव द्यायचे. सेदे, बस. बाबा बसायचे. सुर्गे, ऊठ. “गुडघ्यांचा विचार कर,” बाबा म्हणायचे, पण उठायचे. आज्ञा द्यायला ती इतकी सरावली, की जेवणाच्या वेळी हुकुमांची नुसती फैर झडायची. आणि मधल्या वेळात बोलणं वाढलं. कुठल्या नटाला कुठल्या वाक्यावर कायम ठेच लागायची, कोणती नटी रागावली की मुद्दाम ओळ विसरून बाबांची परीक्षा पाहायची, असल्या गोष्टी बाबा सांगू लागले. तिला वाटलं, इतकी वर्षं हे सगळं पलीकडच्याच खोलीत होतं!

परीक्षेच्या रविवारी ती खात्रीने बसली. विचारपूस सफाईदार झाली. पाणी मागितलं, पाव मागितला, बसवलं, उठवलं. मागिस्त्रा खूश दिसत होत्या. शेवटची आज्ञा होती किल्ली मागायची.

“दा मिही...” ती म्हणाली. आणि पुढे अंधार. किल्ली समोर टेबलावर पडलेली दिसत होती, शब्द मात्र पसार. “दा मिही...”

“क्लावेम,” शेजारून कुजबूज आली.

विंगेतून निघालेला शब्द नटापर्यंत पोचावा आणि पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये, हे बाबांचं कसब होतं. पण लॅपटॉपचा माइक पहिल्या रांगेच्याही पुढे बसला होता. मागिस्त्रांनी पेन खाली ठेवलं.

“हे चालणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमची परीक्षा पुढच्या रविवारी पुन्हा. जोडीदाराशिवाय. मीच जोडीदार होईन.”

लॅपटॉपचं झाकण कॅप्टनने आपटलंच. नापास होणं तिच्या गावी नव्हतं. मोठ्या गाडीचं लायसन्ससुद्धा तिने पहिल्या फटक्यात मिळवलं होतं. ती गर्रकन वळली.

“मध्ये कशाला बोललास तू? आठवलं असतं मला! तुला कोणी विचारलं होतं?”

आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हे लॅटिन नव्हतं. हे चक्क आपल्या भाषेतलं होतं.

बाबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. तिला वाटलं, म्हातारा माणूस रडतोय, आणि आपल्यामुळे. ती जवळ जाऊन वाकली, तर बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“एकवचन,” ते कसेबसे म्हणाले, “या वेळी एकवचन अगदी चोख जमलं.”

“माफ करा, बाबा. तोंडातून गेलं.”

“गेलं ते बरं झालं. चूक माझीच. समोर कोणी अडकलं, की माझ्या जिभेला दम धरवत नाही. अख्खा जन्म तेच केलं. ती शांतता मला सोसतच नाही.” त्यांनी डोळे पुसले. मग जरा चाचरत विचारलं, “त्या तुझ्या मागिस्त्रा... वयाची काही अट ठेवतात का?”

पुढच्या रविवारी बाबा स्वतःच जोडे घालून खाली गेले. म्हणाले, “मी घरात असलो तर भिंतीआडूनही सांगेन. खात्री नाही माझी.” तिने खिडकीतून पाहिलं. ते समोरच्या फुटपाथवर हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होते. लेकराची परीक्षा असलेल्या बापासारखे.

पडद्यावर मागिस्त्रा एकट्याच होत्या. विचारपूस झाली. पाणी झालं, किल्ली झाली. मग त्या म्हणाल्या, “मला खिडकी उघडायला सांगा.”

“आपेरी फेनेस्त्रा,” ती म्हणाली, आणि म्हणताच तिला कळलं, की शेपटी चुकली. मागिस्त्रा काही बोलल्या नाहीत. जागच्या हलल्याही नाहीत. शांतता पसरली. या वेळी शेजारून काहीच येणार नव्हतं. कॅप्टनने ती शांतता थोडी होऊ दिली. सिग्नलला थांबतो तसं थांबायचं, त्यात काय?

“एर्रावी,” ती म्हणाली. मी चुकले. स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून तिला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. घर जागेवर होतं. “आपेरी फेनेस्त्राम.”

मागिस्त्रा उठल्या, आपल्या खोलीतली खिडकी त्यांनी सताड उघडली, आणि त्या दूरच्या शहरातल्या रस्त्याचा गोंगाट कॅप्टनच्या स्वयंपाकघरात शिरला. कुठे तरी एक बस ब्रेक मारत होती. ब्रेकचं पॅड झिजलंय, हे तिला आवाजावरून कळलं.

“उत्तीर्ण,” मागिस्त्रा म्हणाल्या. “ती चूक झाली नसती तर मला तुमच्याबद्दल काळजी वाटली असती.”

तिने खिडकीतून खाली हाक मारली. रस्ताभर ऐकू गेली. बाबांनी वर पाहिलं, आणि तिने अंगठा दाखवताच त्यांनी भर फुटपाथवर टाळ्या वाजवल्या.

नव्या तुकडीत बाबांनी नाव घातलं. पहिल्या दिवशी मागिस्त्रांनी त्यांना चार वेळा “मोठ्याने” म्हटलं. पाचव्या वेळी त्यांनी जो आवाज काढला, तो त्यांच्यापाशी आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं. खोल, भरदार, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. इतकी वर्षं तो विंगेत नुसता बसून होता. पलीकडच्या बिऱ्हाडातून कोणी तरी विचारायला आलं, की पाहुणे आलेत का.

जहाज लागलं आणि तिचा नवरा घरी आला, तेव्हा सकाळच्या न्याहारीला तिघं टेबलाशी बसली. एरवी तिने आपल्या भाषेत बाबांना तुम्हीच म्हणायचं ठरवलं होतं, आणि बहुतेक वेळा ते पाळलंही जायचं. पण पाव बाबांच्या बाजूला होता. “दा मिही पानेम,” ती म्हणाली.

“अकिपे,” बाबा गरजले. घे. आणि पावाची टोपली तिच्यापुढे सरकवली.

नवऱ्याच्या हातातला कप अधांतरी राहिला. तो एकदा बायकोकडे बघे, एकदा बापाकडे. “काय म्हणाली ही? आणि तुम्ही... बाबा, तुमचा आवाज...”

“पाव मागितला तिने,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला? असा?”

“मलाच. इथे दुसरं कोण आहे?” बाबांनी लोण्याची वाटी आपल्याकडे ओढली. “तुला काही हवं असेल तर तूही माग. पण एकवचनात. मला अनेकवचनात मागितलेलं आता ऐकू येत नाही.”

नवऱ्याने कप खाली ठेवला. अर्धवट हसत, अर्धवट घाबरत त्याने बापाकडे पाहिलं, ओठ ओले केले, आणि शब्द जुळवायला लागला. बाबा शांतपणे वाट पाहत राहिले. त्यांनी त्याला काहीही सुचवलं नाही.